परदेशप्रवास आणि पैशाची राखण

(वर्षावासानिमित्त करकंब येथे मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 

वर्षावासाच्या दिवसांत आपण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करतो, शील-समाधी-प्रज्ञेविषयी ऐकतो. अशा वेळी एखाद्याने उठून एटीएम यंत्राविषयी, कार्डाविषयी आणि परदेशातल्या नोटांविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु कार्यकारिणीने विषय दिला तो विचारपूर्वक दिला आहे. आज आपली माणसे बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून लुंबिनीला जातात. कोणी श्रीलंकेला जातो, कोणी थायलंडचे विहार पाहून येतो. आपली मुले-मुली शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेत शिकायला जाऊ लागली आहेत. ज्यांच्या आजोबांनी पंढरपूरच्या पुढे पाऊल टाकले नव्हते, त्यांच्या नातवंडांच्या हाती आज पासपोर्ट आहे. ही बाबासाहेबांची पुण्याई. पण घामाचा पैसा गाठीला बांधून आपण परदेशी जातो आणि तेथे केवळ माहिती नाही म्हणून त्यातला बराचसा वाटेतच गळून जातो. तो गळू नये, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

मी बँकेचा माणूस नाही. मी शाळेत गणित शिकवणारा मास्तर. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी स्वतः ठेच खाल्ली आहे. ती हकीकत पुढे सांगतोच.

प्रथम धम्माकडे वळू. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलीय गृहस्थाची कथा आहे. तो भगवंतांना म्हणाला, की आम्ही संसारी माणसे, बायकामुलांत राहणारी. आमच्या या जन्मीच्या हिताचे काही सांगावे. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे उद्योगीपणा. दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे कष्टाने आणि न्यायाने मिळवलेल्या धनाची राखण. तिसरी कल्याणमित्रता, म्हणजे चांगल्या माणसांची सोबत. चौथी समजीविता, म्हणजे आवक पाहून जावक ठेवणे. आपल्या समाजात पहिल्या गोष्टीला तोटा नाही. कष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या केले. उणीव राहते ती दुसऱ्या गोष्टीत, राखणीत. आणि राखण म्हणजे केवळ चोरापासून राखण नव्हे. ज्या आकारणीचे नावही आपल्याला माहीत नसते, तिच्यापासून राखण हीही आरक्खसंपदाच होय.

दुसरी आठवण बाबासाहेबांची. १९१३ च्या जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला उतरले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. ती होती दरमहा साडेअकरा पौंड. त्या काळी पौंडाला सुमारे पंधरा रुपये पडत, म्हणजे महिन्याला एकशे साडेबाहत्तर रुपये. एवढ्यात न्यूयॉर्कसारख्या शहरात राहणे, खाणे, पुस्तके, आणि त्यातूनच घरी पैसे पाठवणे. इकडे माता रमाई काटकसरीने संसार ओढीत होत्या. पुढे १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा स्वतःची शिल्लक, नवल भथेना या मित्राकडून कर्जाऊ घेतलेले पाच हजार रुपये आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत एवढ्या भांडवलावर गेले.

आता विद्यार्थी मित्रांनी येथे लक्ष द्यावे. १९२० च्या सुरुवातीला रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या वर चढला होता. १९२१ मध्ये तो सव्वा शिलिंगाच्या आसपास उतरला. पौंडाचे शिलिंग वीस. म्हणजे हजार रुपयांना आधी शंभर पौंड मिळत होते, त्याच हजारांना वर्षभरात साडेबासष्टच मिळू लागले. खिशातील रुपया तोच, पण लंडनच्या दुकानात त्याची ताकद गेली. अशा दिवसांत एक वेळ उपाशी राहून ग्रंथालयात बसणारा हा विद्यार्थी रुपयाच्याच प्रश्नावर प्रबंध लिहीत होता. तो ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा परकीय चलनाशी असलेला भाव स्थिर राहिला म्हणजे झाले असे नव्हे. बाजारात त्या रुपयाला किती वस्तू मिळतात ही खरी कसोटी आहे, कारण महागाईचा मार गरिबावर बसतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. ज्यांचे गुरू रुपयाचे एवढे मोठे अभ्यासक, त्या आपण निदान आपल्या खिशातल्या रुपयाचा हिशेब समजून घेऊ नये काय?

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही काही मंडळी थायलंडला गेलो. नोटा जवळ बाळगायची भीती, म्हणून ठरवले की लागतील तसे पैसे कार्डावर काढू. पाच दिवसांत मी चार वेळा यंत्रापुढे उभा राहिलो. दर वेळी तीन हजार बाथ काढले. यंत्राने इंग्रजीत काही विचारले, रुपयांत आकडा दाखवला. रुपयांचा आकडा पाहून मला बरेच वाटले. वाटले, आपल्या भाषेत बोलते आहे! मी ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हटले. दुसरे बटण ‘डिक्लाइन’चे होते; ते दाबले तर पैसे येणार नाहीत, कार्डही आत राहील, अशी माझी समजूत. घरी आल्यावर पासबुक भरून आणले आणि शाळेत त्रैराशिक शिकवणारा मी मास्तर, चाट पडलो.

काय झाले होते ते समजून घेऊ. परदेशी यंत्रातून पैसे काढताना तीन ठिकाणी कात्री लागते.

पहिली कात्री यंत्राच्या मालकाची. थायलंडमधील बँका परदेशी कार्डावर दर वेळी ठोक आकार घेतात. २००९ मध्ये तो दीडशे बाथ होता. पुढे वाढत जाऊन दोनशेच्या वर गेला. तुम्ही हजार बाथ काढा की वीस हजार, आकार तोच.

दुसरी कात्री आपल्या स्वतःच्या बँकेची. पुष्कळ बँका परदेशात पैसे काढले की दर वेळी शंभर-सव्वाशे रुपये लावतात, आणि त्याशिवाय विनिमय दरावर शेकडा साडेतीनच्या आसपास वाढावा घेतात. या दोन्हींवर पुन्हा जीएसटी. नुसती शिल्लक विचारली तरी काही बँका पैसे घेतात. प्रत्येक बँकेचे आणि प्रत्येक कार्डाचे दर वेगळे असतात. काही कार्डांवर हा वाढावा अजिबात नसतो.

तिसरी कात्री सर्वांत फसवी. यंत्र जेव्हा म्हणते, की ‘तुमच्या खात्यातून अमुक रुपये वजा होतील, मान्य आहे का?’ तेव्हा ते उपकार करीत नसते. बाथाचे रुपये करण्याचे काम आपल्या बँकेकडून काढून घेऊन ते परस्पर स्वतःच्या दराने करीत असते. तो दर कित्येकदा शेकड्याला पाच-सात रुपयांनी, कधी त्याहूनही अधिक महाग असतो. याला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ असे भारदस्त नाव आहे. आपण त्याला ‘रुपयाचे आमिष’ म्हणू. ते नाकारले तर पैसे यायचे थांबत नाहीत. ‘विदाउट कन्व्हर्जन’ किंवा ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ निवडले की व्यवहार स्थानिक चलनात होतो, नोटा तेवढ्याच बाहेर येतात, आणि रुपयाचा हिशेब आपली बँक कार्डाच्या जाळ्याच्या दराने करते. तो बहुतेक वेळा स्वस्त पडतो. हे एक वाक्य जरी आज आपण घरी नेले तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन. हाच प्रश्न दुकानात कार्ड दिले असतानाही विचारतात. तेथेही उत्तर तेच: त्या देशाचे चलन सांगावे.

आता हिशेब मांडू. सोपे जावे म्हणून एका बाथला तीन रुपये धरू, यंत्राचा आकार दोनशे वीस बाथ म्हणजे सहाशे साठ रुपये धरू, आणि आपल्या बँकेचा आकार करासह दीडशे रुपये. आकडे गोल केले आहेत, खरा दर रोज बदलतो, पण रीत कळेल.

माझ्यासारखा माणूस एकूण बारा हजार बाथ, म्हणजे छत्तीस हजार रुपये, चार वेळा काढतो आणि चारही वेळा रुपयाचे आमिष मान्य करतो. यंत्राचा आकार चार वेळा, दोन हजार सहाशे चाळीस. आपल्या बँकेचा चार वेळा, सहाशे. वाईट दर शेकडा सहाने महाग धरला तर दोन हजार एकशे साठ. एकूण पाच हजार चारशे. म्हणजे शंभर रुपयांतले पंधरा रुपये वाटेतच गेले.

शहाणा माणूस तेच बारा हजार बाथ एकदाच काढतो आणि रूपांतर नाकारतो. यंत्राचे सहाशे साठ, बँकेचे दीडशे, आणि आपल्या बँकेचा वाढावा करासह शेकडा चार धरला तर एक हजार चारशे चाळीस. एकूण दोन हजार दोनशे पन्नास. दोघांमधला फरक तीन हजार एकशे पन्नास रुपयांचा. वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या एखाद्या मुलाच्या महिन्याच्या मेसचे पैसे केवळ दोन बटणांच्या अज्ञानापायी गेले!

आणखी एक उदाहरण घ्या, कारण त्यात खरे मर्म आहे. एखादी गरीब उपासिका फक्त एक हजार बाथ काढते. रक्कम तीन हजार रुपयांची. ठोक आकार दोन्ही मिळून आठशे दहा. म्हणजे शंभराला सत्तावीस! तिच्या शेजारचा सधन प्रवासी वीस हजार बाथ काढतो. रक्कम साठ हजारांची. ठोक आकार तोच आठशे दहा. म्हणजे शंभराला सव्वा-दीड रुपया. बंधू-भगिनींनो, यंत्राला जात कळत नाही, पण ज्याच्याजवळ थोडे आहे त्याच्याकडून अधिक घ्यायचे एवढे त्याला पक्के कळते. थोडे थोडे काढणारा आणि विचारायला लाजणारा, या दोघांच्या खिशावर ही सारी व्यवस्था चालते. आणि आपल्यातले बहुतेक जण हे दोन्ही असतात.

म्हणून निघण्यापूर्वी काय करावे ते सांगतो.

पहिली गोष्ट, बँकेत जाऊन विचारावे. आपल्या माणसाला काउंटरपुढे उभे राहून प्रश्न विचारायचा संकोच वाटतो. पलीकडचा साहेब काय म्हणेल, ही जुनी भीती अजून पुरती गेलेली नाही. ती टाकून द्यावी. चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझे कार्ड परदेशात चालते का? दर वेळी किती आकार लावता? विनिमयावर किती टक्के वाढावा घेता? एका दिवसात जास्तीत जास्त किती काढता येतील? उत्तरे त्याच कागदावर लिहून घ्यावीत.

पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्यापैकी अनेकांकडे साधे रुपे कार्ड असते. ते देशात उत्तम चालते, पण बाहेर चालण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रकारचे कार्ड लागते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डे केवळ देशातील वापरासाठी चालू करून दिली जातात. परदेशी वापर आपण स्वतः बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करून घ्यायचा असतो. हे न केल्यामुळे परक्या देशात रात्रीच्या वेळी कार्ड नाकारले गेले आणि माणूस रडकुंडीला आला, असे घडते. परत आल्यावर ही सोय पुन्हा बंद करावी.

दुसरी गोष्ट, सगळी भिस्त एकावर ठेवू नये. थोड्या नोटा, एक कार्ड, आणि निराळ्या खिशात दुसरे कार्ड. परकीय नोटा घ्यायच्या तर रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या बँकेकडून किंवा मनी चेंजरकडून पावती घेऊनच घ्याव्यात. एका प्रवासासाठी बहुतेक देशांकरिता तीन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. आपल्याला तेवढ्या लागत नाहीत, पण नियम ठाऊक असावा. येथेही दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. ‘कमिशन नाही’ अशी पाटी असली, तरी त्यांचा नफा भावात दडलेला असतो. आपण बाजारात कांद्याचा भाव चार जागी विचारतो, मग डॉलरचा का विचारू नये?

तिसरी गोष्ट फॉरेक्स कार्डाची. त्यात डॉलर, पौंड, बाथ असे चलन आगाऊ भरून ठेवता येते. भरला त्या दिवशीचा भाव पक्का होतो आणि त्याच चलनात खर्च केला तर वाढावा लागत नाही. विद्यार्थ्यांना हे बरे पडते. परंतु भरले एक चलन आणि खर्च केला दुसऱ्यात, तर पुन्हा तीन-साडेतीन टक्के जातात. नेपाळ आणि भूतानमध्ये ही कार्डे चालत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

चौथी गोष्ट, क्रेडिट कार्डावर रोख काढू नये. त्यावर आकार तर लागतोच, शिवाय पहिल्या दिवसापासून व्याज चढते. पूर्वीच्या सावकारापेक्षा ते वेगळे नाही. फरक इतकाच की हा सावकार प्लॅस्टिकचा आहे.

आता आपल्या माणसांच्या नेहमीच्या वाटा पाहू.

लुंबिनीला जाणारे बहुतेक जण सोनौलीच्या सीमेवरून भैरहवामार्गे जातात. नेपाळचा भाव सोपा आहे. १९९३ पासून शंभर भारतीय रुपये म्हणजे एकशे साठ नेपाळी रुपये, असा तो बांधलेला आहे. सीमेवर कोणी याहून बराच कमी भाव सांगितला तर पुढच्या खिडकीकडे जावे. नेपाळच्या बाजारात शंभराच्या आणि त्याहून लहान भारतीय नोटा सहज चालतात. म्हणून लुंबिनीपुरते जाणाऱ्याने लहान नोटांची जुडी जवळ ठेवली, तर यंत्रापुढे उभे राहण्याची वेळ सहसा येत नाही. मोठ्या नोटांवर नेपाळ सरकारने २०१८ च्या डिसेंबरात बंदी घातली होती. त्यानंतर या नियमांत बदल होत आले आहेत, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात बँकेत विचारूनच मोठ्या नोटा न्याव्यात. मार्च २०२४ पासून नेपाळमधील दुकानांत आपल्या यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू झाली आहे. नातवाला मोबाइल दाखवायला सांगा, पण खर्चाचा आकडा स्वतः वाचा.

श्रीलंकेशी आपले नाते जुने आहे. १९५० साली कँडी येथे जागतिक बौद्ध परिषद भरली तेव्हा बाबासाहेब तेथे उपस्थित होते. तेथे जाणाऱ्यांनी थोडे डॉलर न्यावेत. कोलंबोच्या विमानतळावर बाहेर पडतानाच बँकांच्या खिडक्या ओळीने आहेत. दोन-तीन पाट्या वाचून बदलून घ्यावेत. फेब्रुवारी २०२४ पासून तेथेही यूपीआय सुरू झाले आहे. अनुराधपूरला बोधिवृक्षाच्या परिसरात फुले घ्यायला मात्र सुट्या नोटा लागतात, त्या जवळ असाव्यात.

थायलंडचे सांगून झाले. तेथे एकदाच, पुरेसे काढावे, आणि दोघा-तिघांनी मिळून काढले तर आकार वाटला जातो. गटातील पाच जणांनी पाच वेळा काढण्याऐवजी ज्याच्या कार्डाचा आकार कमी आहे त्याने काढावे आणि इतरांनी गावी आल्यावर त्याचे पैसे चुकते करावेत. हीच कल्याणमित्रता. हिशेब मात्र वहीत लिहावा, म्हणजे मैत्री टिकते. आणि एक सावधगिरी: आपले कार्ड आणि पिन गटप्रमुखाच्या किंवा वाटाड्याच्या हाती कधीही देऊ नये. विश्वास आणि पिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोणत्याही देशात यंत्र निवडताना शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेले यंत्र दिवसा उजेडी वापरावे. कार्ड अडकले तर आत जाऊन माणसाशी बोलता येते. रस्त्याच्या कडेची, दारूच्या दुकानातली खासगी यंत्रे शक्यतो टाळावीत. त्यांचा आकार बहुधा जास्त असतो. पावती जपून ठेवावी. यंत्रातून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून रक्कम गेली, किंवा न काढलेली रक्कम वजा झाली, तर त्याच दिवशी आपल्या बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांत तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत महत्त्वाची धरली आहे. ‘गावी गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्याचे नुकसान होते.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी चार शब्द. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तेव्हा परदेशी शिक्षण हे आता स्वप्न राहिलेले नाही, ते अर्ज करण्याइतके जवळ आले आहे. परंतु शिष्यवृत्तीचा पैसा हप्त्याने येतो, आणि पहिला हप्ता हाती पडेपर्यंतचे दिवस कठीण जातात. खोलीची अनामत, गादी, थंडीचा कोट, सगळे त्याच महिन्यात. नेमके त्याच दिवसांत मुले गावाकडच्या कार्डावर वीस-वीस पौंड, चाळीस-चाळीस डॉलर काढत राहतात, आणि प्रत्येक वेळी दोन्हीकडचे आकार भरतात. अमेरिकेतील यंत्रे बाहेरच्या कार्डाला दर वेळी तीन-चार डॉलर लावतात. ब्रिटनमधील बँकांची बहुतेक यंत्रे स्वतःचा आकार घेत नाहीत, पण आपल्या बँकेचा आकार लागायचा तो लागतोच. म्हणून पहिल्या सहा आठवड्यांचा खर्च फॉरेक्स कार्डात भरून, थोड्या नोटा घेऊन निघावे. पोहोचताच विद्यापीठाचे पत्र घेऊन तेथील बँकेत विद्यार्थ्याचे खाते उघडावे आणि पुढचा पैसा घरून थेट त्या खात्यात मागवावा. गावी आईने दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करून साठवलेला पैसा यंत्राच्या आकारात जाऊ देऊ नका. वाचलेल्या पैशांत पुस्तक घ्या. साडेअकरा पौंडांत बाबासाहेबांनी तेच केले.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्या विहारात एक वही असावी. जो कोणी परदेशी जाऊन येईल त्याने त्यात लिहावे: कोणत्या देशात गेलो, कोणत्या प्रकारचे कार्ड नेले, किती वेळा पैसे काढले, किती आकार लागला, कोठे फसलो. लाज वाटू देऊ नये. पहिल्या पानावर माझी थायलंडची फजिती मी स्वतःच्या हाताने लिहून देतो. पुढच्या वर्षी निघणाऱ्याने आधी ती वही वाचावी. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना विद्यार्थ्यांनी यंत्रावरचे चार-पाच शब्द मराठीत लिहून द्यावेत: कोणते बटण दाबायचे, कोणते नाही. एखाद्या रविवारी विहारात बसून वडीलधाऱ्यांकडून त्याचा सराव करून घ्यावा. ज्याने ठेच खाल्ली त्याने पुढच्याला सांगावे, एवढे केले तरी पुष्कळ पैसा वाचेल. आणि असा वाचलेला पैसा प्रत्येकाने थोडा थोडा मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीत टाकला, तर यंत्राच्या पोटात जाणारे दान आपल्याच लेकराच्या शिक्षणाला लागेल.

अज्ञान हे दुःखाचे मूळ आहे, असे आपण नेहमी म्हणतो. ते मोठमोठ्या गोष्टींपुरते खरे आहे असे नाही. परक्या शहरात, परक्या भाषेतल्या यंत्रापुढे, घाबरून चुकीचे बटण दाबणाऱ्या बोटापाशीही ते खरे आहे. तेथे क्षणभर थांबावे, वाचावे, समजले नाही तर शेजाऱ्याला विचारावे आणि मगच बटण दाबावे. बाबासाहेबांनी आपल्याला ‘शिका’ म्हणून सांगितले, त्यात हेही आले.